आमच्या चिठ्ठ्या कुठं गेल्या साहेब? २८८ आमदारांना बीएच्या एका पोरीचं खुलं पत्र

सन्माननीय आमदार साहेब, ताई, भाऊ, दादा, आण्णा (बॅनरवर तुमच्या नावाला जे लागतं ते लावून घ्या),

सगळ्या २८८ जणांना एकच पत्र लिहितेय. फक्त आमच्या तालुक्याच्या आमदारांना लिहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत मी विरोधी पार्टीची ठरले असते आणि चौकात पानटपरीवर वडिलांना कुणीतरी विचारलं असतं, काय मालक, पोरगी कुणाकडून बोलायलीय आजकाल. मी कुणाकडूनच नाही. बीए थर्ड इयरला आहे, धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात, रोज गावाहून लालपरीनं येऊन जाऊन करते. वय २०. आम्ही दहावीची परीक्षा न देता पास झालेली बॅच आहोत, २०२१ची, ज्या वर्षी राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला आणि सगळ्या मामा-काकांनी त्यावर जोक मारून घेतले. पहिलं मत ७ मे २०२४ला दिलं लोकसभेला, दुसरं २० नोव्हेंबरला विधानसभेला, म्हणजे तुम्हालाच, म्हणजे तुमच्यातल्या कुणाला तरी, किंवा पडला त्याला, ते सांगत नाही.

तर झालं असं. विधानसभेच्या आधी, आचारसंहिता लागायच्या थोडं अगोदर, आमच्या कॉलेजात 'युवा संवाद' होता. साहेब येणार होते म्हणून दोन दिवस लेक्चर नाहीत, हॉलमध्ये खुर्च्या लावायला एनएसएसची पोरं, रांगोळीला आम्ही. आदल्या दिवशी सरांनी सगळ्या वर्गांतून चिठ्ठ्या गोळा केल्या, साहेबांना काय विचारायचंय ते लिहा म्हणले. मी लिहिलं होतं की साडेपाचची गाडी आठवड्यातून तीनदा तरी रद्द होते आणि मग साताठ गावच्या मुलींना शेवटचं लेक्चर सोडून चारलाच निघावं लागतं, त्याचं काय करणार. माझ्या मैत्रिणीनं लिहिलं होतं, पेपर फुटायचे कधी थांबणार. एका पोरानं लिहिलं होतं सोयाबीनचं.

दुसऱ्या दिवशी साहेब दीड तास उशिरा आले, पाऊण तास बोलले, त्यात अर्धा तास समोरच्या पार्टीवर, आणि मग सर उठून म्हणले आता विद्यार्थ्यांचे प्रश्न. पहिला प्रश्न, आपण राजकारणात यायची प्रेरणा कुणाकडून घेतली. दुसरा, आपल्या फिटनेसचं रहस्य काय. तिसरा, आजच्या तरुणाईला आपण काय संदेश द्याल. टाळ्या. हार. सेल्फी. आमच्या चिठ्ठ्या कुठं गेल्या ते आजपर्यंत कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर सरांवर पण राग नाही माझा, त्यांना संस्थेत राहायचंय, संस्था कुणाची असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

पण एक हिशोब मात्र डोक्यात बसला. तीन वर्षांत आम्हाला काय वाटतं हे कुणी लेखी विचारलं ते एकदाच, आणि ते पण फेकून द्यायला.

टीव्हीवर ऐकते की आजच्या तरुणांना राजकारणात इंटरेस्ट नाही, पोरं रील्समध्ये गुंग. हे म्हणणाऱ्या माणसानं एकदा आमच्या एसटीत मागच्या सीटवर बसून यावं. स्टँडपासून गावापर्यंत चाळीस मिनिटं दुसरा विषय नसतो. ज्याचा भाऊ पोलीस भरतीला पळतोय तो भरतीचं बोलतो, २०२१ला आरोग्य विभागाचा पेपर फुटला, त्याच वर्षी म्हाडाचा फुटला, टीईटीचा घोटाळा निघाला, ते आमच्या मोठ्या भावांचं होतं पण आम्हाला तारखेसकट पाठ आहे कारण घरात तोच विषय होता. तलाठी भरतीची फी एक हजार रुपये होती २०२३ला, राखीवला नऊशे, साडेचार हजारच्या आसपास जागा आणि अर्ज दहा लाखांच्या वर. आमच्या गल्लीतल्या एकानं ती फी आईचं बचत गटाचं कर्ज उचलून भरलेली. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारी कामाला एजन्सीकडून कंत्राटी माणसं घ्यायचा जीआर आला आणि पोरं रस्त्यावर आल्यावर ऑक्टोबरात रद्द झाला, मग ते कुणाचं पाप होतं यावर तुम्ही दोन्ही बाजूंनी महिनाभर भांडलात. आम्हाला पाप कुणाचं ते नको होतं, जागा कधी निघणार ते पाहिजे होतं. मग २०२४ला युवा कार्यप्रशिक्षण आलं, ज्याला सगळे लाडका भाऊ म्हणायचे, बारावीवाल्याला महिना सहा हजार, ग्रॅज्युएटला दहा हजार, सहा महिने, मग वाढवून अकरा महिने. माझी चुलत बहीण पंचायत समितीत करत होती, काम चांगलं शिकली, साहेबांच्या फायली तीच लावायची, आणि अकरा महिने झाल्यावर घरी. आता गावात तिला लोक विचारतात, सुटली का गं नोकरी. ती म्हणते नोकरी नव्हतीच ती, लाडका भाऊ होता.

म्हणजे बोलायला आमच्याकडं भरपूर आहे. बोलायची जागा नाहीये. चिठ्ठीच्या भानगडीनंतर मी लायब्ररीत बसून हे जरा शोधलं (फोनवर, लायब्ररीतलं पुस्तक २००९चं होतं), तर कळलं जागा कागदावर आहे. तुम्हीच केलीय. म्हणजे तुमच्या सभागृहानं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, लागू झाला १ मार्च २०१७ला, त्यात कलम ९९, विद्यार्थी परिषद. प्रत्येक कॉलेजात अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक मागासवर्गीय प्रतिनिधी, आणि हे सगळे कॉलेजातल्या पोरापोरींनी थेट मत देऊन निवडायचे. वर्गाचा प्रतिनिधी वर्गानं निवडायचा. शिवाय विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, विद्यापीठ विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला जागा.

कायदा लागू झाला तेव्हा मी सहावीत होते. आता बीए संपत आलं.

त्याआधीचं पण वाचलं. पूर्वी कॉलेजात निवडणुका व्हायच्या, मारामाऱ्या पण व्हायच्या, १९८९ला मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि मग १९९४च्या कायद्यानं थेट निवडणूक बंद करून वर्गात जो पहिला येईल तो प्रतिनिधी अशी पद्धत आली. पहिला नंबर म्हणजे प्रतिनिधी! हे जर तुमच्याकडं लावलं तर विधानसभेत किती जण राहतील बघा, गंमत म्हणून बघा. आमच्या वर्गात जी पहिली येते ती फार हुशार आहे, माझी मैत्रीणच आहे, पण ती सरांसमोर तोंड उघडत नाही. तिलाच विचारा, ती पण हेच सांगेल, हळू आवाजात.

२०१९ला निवडणुका घेऊ म्हणून ठरलं होतं, मग विधानसभा आली म्हणून पुढं ढकललं, मग कोरोना आला, आणि मग कोरोना गेला पण ते ढकललेलं तिथंच राहिलं. दरम्यान या महाराष्ट्रात काय काय झालं, एक पहाटेचा शपथविधी झाला, दोन पक्ष फुटून चार झाले, चिन्हं इकडची तिकडं गेली, तीन तीन मुख्यमंत्री झाले, सगळ्याला वेळ होता.

आमच्या बस ग्रुपमधला एक पोरगा म्हणला, तू कॉलेजच्या इलेक्शनचं काय घेऊन बसलीस, इथं मोठ्या इलेक्शनच होत नव्हत्या. बरोबर आहे त्याचं. मुंबई पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ला संपली, त्या सुमारास झेडपी, पंचायत समित्या, नगरपालिका, सगळीकडं प्रशासक बसला आणि तीन वर्षं होऊन गेल्यावर मे २०२५ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की चार महिन्यांत घ्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर सिनेटची निवडणूक पण ऐन टायमाला स्थगित, मग परत स्थगित, मग हायकोर्टात जाऊन सप्टेंबर २०२४ला झाली. आमच्याकडं लग्नाची तारीख दोनदा पुढं गेली की लोक समजून जातात मुलाकडच्यांच्या मनात नाही. तुमचं पण आम्हाला समजतंय.

आता गंमत बघा. मी यंदा २१ वर्षांची होतेय. म्हणजे सरपंच व्हायला चालते. सरपंच थेट जनतेतून निवडायचा हे तुम्हीच २०१७ला आणलं, २०२०ला दुसऱ्यांनी काढलं, २०२२ला परत आणलं, दर वेळी लोकशाहीसाठीच. म्हणजे तीन हजार लोकवस्तीचं गाव, त्याचा निधी, पाणी, दिवाबत्ती, रस्ता, हे सांभाळायला मला थेट मतानं निवडून द्यायला सरकारची काही हरकत नाही. पण चारशे पोरांच्या कॉलेजात, वॉटर कूलर बंद आहे हे प्राचार्यांना सांगायला मला निवडून द्यायला हरकत आहे. ह्याचं उत्तर तुमच्यातल्या एकानं जरी नीट दिलं ना तर मी हे पत्र डिलीट करते.

उत्तर काय येतं ते माहितीय मला, घरात पण तेच येतं. वडील म्हणतात, कॉलेजात शिकायला पाठवलंय का पुढारी व्हायला. सर म्हणतात, वातावरण बिघडेल. आणि पेठेतला एक काका आहे तो म्हणतो, जातीची पॅनल पडतील, मराठा एक, ओबीसी एक, बौद्ध एक, मुस्लिम एक, मग काय करशील.

ह्यातलं शेवटचं मी हसण्यावारी नेत नाही. २०२३च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलनावर लाठीचार्ज झाला तेव्हा आम्ही फर्स्ट इयरला नवीन नवीन होतो, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, एका रात्रीत एकानं एक टाकलं, दुसऱ्यानं त्याला उत्तर टाकलं, सकाळी उठले तर सतरा जण 'लेफ्ट' आणि एका ग्रुपचे तीन ग्रुप. ज्या दोघी एका डब्यात जेवायच्या त्या वेगळ्या बाकावर. मला पण ॲड केलेलं एका ग्रुपात, कुठल्या ते आडनावावरून ठरवलं त्यांनी, मला विचारलं नाही. चार महिने असंच. मग कसं जुळलं सांगू? सेमिस्टर आली. एका ग्रुपात इतिहासाच्या नोट्स, दुसऱ्यात इंग्लिशच्या, तिसऱ्यात तो पोरगा ज्याच्याकडं सगळ्या सरांचे आयएमपी असतात. हळूहळू 'तुझ्याकडं हे आहे का' सुरू झालं आणि नवा ग्रुप निघाला, त्याचं नावच 'फक्त अभ्यास'. मनात काही गेलं नाही कुणाच्या, आरक्षणावर माझं आणि माझ्या शेजारणीचं आजही पटत नाही, तिला वाटतं तिच्या ताटातलं जाणार, मला वाटतं सगळ्यांचंच ताट लहान करून आपल्याला भांडायला बसवलंय, जागाच निघाल्या नाहीत तर टक्के घेऊन काय करायचं. पण आम्ही बोलतो. एकमेकींचं तोंड बघून बोलतो, त्यामुळं ग्रुपवर टाकताना जे टाकलं असतं ते तोंडावर टाकवत नाही.

म्हणून म्हणते, पॅनल पडतीलच, पडू द्या. पण कॉलेजच्या इलेक्शनला नुसत्या स्वतःच्या जातीवर कुणी निवडून येत नाही कारण आमच्या कॉलेजात एका जातीची तेवढी पोरंच नाहीत, दुसऱ्याच्या बाकावर जाऊन मत मागावंच लागेल, आणि मागताना हॉस्टेलचं, बसचं, फीचं बोलावं लागेल. आता जे चाललंय त्यात कुणालाच कुणाकडं काही मागावं लागत नाही. नुसतं स्टेटस ठेवायचं.

आणि मारामारीचं. त्याला नियम आहेत की. कॉलेजच्या निवडणुकांसाठीची लिंगडोह समिती २००६ची, सुप्रीम कोर्टानं मान्य केलेली. पाच हजाराच्या वर खर्च नाही, छापील पोस्टर नाही फक्त हातानं लिहिलेलं, ७५ टक्के हजेरी पाहिजे, केटी नको, पक्षाचा पैसा नको. वाचताना मला वाटलं हे नियम आधी तुमच्यावर लावून बघायला पाहिजेत, ७५ टक्के हजेरीवर तर मी दोन दिवस हसत होते. दिल्लीत, केरळात होतात निवडणुका. तिकडं सगळं गोड आहे असं नाही, दिल्लीत पैसा पण चालतो म्हणतात. पण म्हणून आमच्याकडं बंदच ठेवायचं हे म्हणजे विहिरीत एक जण पडला म्हणून गावानं तीस वर्षं पाणीच शेंदायचं नाही असं झालं.

हे सगळं मी एवढं मनावर का घेतलं ते सांगते. २०२५च्या सप्टेंबरात इकडं काय पाऊस झाला ते तुम्ही हेलिकॉप्टरमधून बघितलं असेल. आमचं घर नदीपासून लांब आहे, नशीब, पण शेत ओढ्याकाठी, सोयाबीन तर गेलंच, वरची माती पण गेली, खाली मुरूम उघडा पडला. वडील दोन दिवस शेताकडं गेलेच नाहीत. भूम परांड्याकडं तर याच्यापेक्षा वाईट होतं, तिकडची एक मैत्रीण पंधरा दिवस आलीच नाही, आली तेव्हा म्हणली वह्या पुस्तकं सगळी वाहून गेली, म्हशीसकट. सरकारनं दुष्काळात देतात तशा सवलती जाहीर केल्या, त्यात विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ हे पण होतं, मी बातमीत स्वतः ऐकलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो आम्ही चौघी. क्लार्क म्हणले, आमच्याकडं असलं काही पत्र नाही, फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार, फी भरा, नाहीतर लेट फी लागेल. परत गेलो, परत तेच. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणले, तुम्ही कोण? सगळ्यांच्या वतीनं बोलायला तुम्हाला कुणी नेमलंय?

साहेब, ह्या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरंच कुणी नेमलं नव्हतं. आम्ही चौघी होतो नुसत्या, ओढणी सावरत खिडकीपाशी उभ्या. मागं लाईनीत पन्नास पोरं होती, त्यातली निम्मी मनातून आमच्या बाजूनं, पण एक शब्द नाही कुणाचा, कारण कुणाला इंटरनलची भीती, कुणाला बोनाफाईड लागणार. शेवटी बहुतेकांनी भरली फी. त्या मैत्रिणीची आम्ही काढून भरली, प्रत्येकी थोडे थोडे, ती नको नको म्हणत होती.

तिथं जर निवडून आलेली एक सचिव असती, बास एक, मग ती कुठल्या का जातीची, कुठल्या का विचाराची असेना, तर ती म्हणली असती, मला चारशे जणांनी नेमलंय, पत्र मागवा विद्यापीठाकडून, तोपर्यंत तारीख थांबवा. एवढंच. क्रांती वगैरे नाही.

अजून एक आहे, ते मुलींचं, थोडक्यात सांगते कारण जास्त लिहिलं तर कॉलेज ओळखू येईल. यूजीसीचे २०१५चे नियम आहेत, लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक कॉलेजात समिती पाहिजे, आणि विद्यार्थ्यांची बाब असेल तर त्या समितीत तीन विद्यार्थी पाहिजेत, ते पण लोकशाही पद्धतीनं निवडलेले. आमच्या नोटीस बोर्डावर समितीचा कागद आहे, त्यात विद्यार्थिनी म्हणून जिचं नाव आहे तिला मी विचारलं तर ती म्हणली, मी आहे होय त्यात? ती पास आऊट होऊन गेली, नाव अजून तिथंच आहे. अर्ध्या तिकिटात एसटी आहे, व्यावसायिक कोर्सला मुलींची फी माफ केली, हे चांगलं केलं तुम्ही, मी उगाच नाव ठेवणार नाही, माझ्या वर्गातल्या दोघी तरी अर्ध्या तिकिटामुळंच टिकल्या. पण बसमध्ये चढवलंत आणि बोलायचं आलं की खाली उतरवलंत.

माझी आई ग्रामपंचायत सदस्य आहे. महिलांच्या राखीव जागेवरून, म्हणजे वडिलांनीच उभी केली होती, सगळीकडं असतं तसं. पहिलं वर्षभर ती फक्त सहीला जायची, डोक्यावर पदर, कोपऱ्यातली खुर्ची. मग एकदा आमच्या आळीचा नळ तीन आठवडे आला नाही आणि बायका घरी येऊन तिलाच बोलल्या, तुला कशाला निवडून दिलं. त्या दिवशी ती मीटिंगमध्ये पहिल्यांदा उभी राहिली. आता ग्रामसेवक तिला बघून फाईल आधीच काढून ठेवतो. सातवी शिकलीय. हे तिला कुणी 'नेतृत्व विकास शिबिरात' शिकवलं नाही, लोक दारात येऊन बोलले म्हणून आलं. आमच्या दारात यायला पण कुणाला तरी हक्क पाहिजे की नाही?

आणि तुम्हाला हे मी काय सांगणार, तुमच्यातले कितीतरी ह्याच वाटेनं आले. अंबाजोगाईच्या कॉलेजातले गोपीनाथ मुंडे साहेब आणि प्रमोद महाजन साहेब, अखिल भारतीय विद्यार्थी परिषद या संघटनेतून. मुख्यमंत्री फडणवीस साहेब १९९२ला नगरसेवक झाले तेव्हा बाविशीच्या आसपास होते आणि सत्ताविसाव्या वर्षी नागपूरचे महापौर. पवार साहेब १९६७ला बारामतीतून आमदार झाले तेव्हा वय २६, त्याआधी पुण्यात कॉलेजातल्या निवडणुका गाजवलेल्या. मग आम्हाला वीस वर्षांच्या पोरांना समज नसते असं कोण सांगतंय, तुम्ही? आमच्याकडं आत्ता 'युवा नेते' म्हणून ज्यांचा बॅनर लागलाय त्यांचा मुलगा माझ्या भावाच्या वर्गात आहे. आणि जे खरंच तरुण आहेत ते युवा नेते कुणाचे ना कुणाचे चिरंजीव नाहीतर पुतणे. बाकीच्यांसाठी बॅनरच्या खालच्या लाईनीतले बटणाएवढे फोटो, त्याचे पण पैसे द्यावे लागतात, आणि जेसीबीवरून फुलं उधळायला दिवसाचा पेट्रोल-खर्च. माझ्या वर्गातला एक पोरगा तुमच्यातल्या एकाच्या वाढदिवसाला रात्री बारा वाजता केक घेऊन उभा होता, केक कापून झाल्यावर त्याची दुचाकी बंद पडली आणि तेरा किलोमीटर ढकलत आला. त्याला मी म्हणलं, अरे त्यांना तुझं नाव तरी माहितीय का. तो म्हणला, चेहरा ओळखतात. कार्यकर्ता लागतो तुम्हाला, मतदार लागतो, गर्दी लागते. निवडून आलेलं पोरगं नको असतं, कारण त्याच्याकडं स्वतःची मतं असतात, तुमची नाही. मला तरी हेच कारण दिसतंय, चुकत असेन तर सांगा.

वाईट ह्याचं वाटतं की हे मराठवाड्यात होतंय. निजामाच्या राज्यात १९३८ला होस्टेलच्या पोरांनी वंदे मातरम् म्हणायचंच म्हणून हट्ट धरला, नावं काढून टाकली त्यांची कॉलेजातून, तर नागपूरला जाऊन शिकली. आमच्या विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव यायला २७ जुलै १९७८ला तुमच्या सभागृहात ठराव झाला आणि नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ला, मधल्या सोळा वर्षांत किती घरं जळाली, किती पोरं लाठ्या खात चालत गेली. ज्या विद्यापीठाची पाटीच विद्यार्थ्यांच्या लढ्यानं बदलली, त्याच विद्यापीठातल्या पोरीला ऑफिसच्या खिडकीतून विचारतात, तुला कुणी नेमलंय. आणि योगायोग बघा, पाटी लागली त्याच वर्षी कायद्यानं आमचं मत गेलं.

एक शेवटचं, मग बस गाठायचीय. विधान परिषदेत ७८ आमदार, त्यात पदवीधरांचे ७, शिक्षकांचे ७. म्हणजे शिकवणाऱ्याला आमदार आहे, शिकून बाहेर पडलेल्याला आमदार आहे, आत बसून शिकतोय त्याला वर्गाचा सीआर पण नाही. आमदार मागत नाही आम्ही. कलम ९९ तुमचंच आहे, नवीन काही करायचं नाही, विधेयक नको, समिती नको, अभ्यासगट तर अजिबात नको. पुढच्या अधिवेशनात तुमच्यातल्या एकानं, सत्तेतला असो नाहीतर विरोधातला, उभं राहून उच्च शिक्षण मंत्र्यांना एवढंच विचारायचं की येत्या शैक्षणिक वर्षात कॉलेजांच्या निवडणुकीची तारीख कोणती. मंत्री म्हणतील, सकारात्मक विचार सुरू आहे. तेव्हा खाली बसायचं नाही, परत विचारायचं, तारीख कोणती. आम्ही खिडकीपाशी तीनदा विचारलं होतं, तुम्ही दोनदा विचारा.

माझा काही फायदा नाही ह्यात, मी तर मे महिन्यात बाहेर. माझी धाकटी बहीण बारावीला आहे, ती येईल इथंच. तिला साडेपाचची गाडी लागणार आहे.

आपली,
एक मतदार, धाराशिव जिल्हा
(नाव लिहीत नाही, लास्ट सेमच्या इंटरनलचे मार्क अजून भरायचेत.)